प्रवासी लॅपटॉप: आधी वजन, मग वेग

दुकानात सगळे प्रोसेसरबद्दल विचारतात. फिरतीवर कामाचा आणि करमणुकीचा लॅपटॉप एकच असेल, तर आधी वजन विचारावं, तेही चार्जरसकट. सव्वा ते दीड किलोचं यंत्र खांद्याला जाणवत नाही. गेमिंगचा लॅपटॉप मात्र अवजड अडॅप्टर धरून सहज तीन किलोंवर जातो.

बॅटरीबाबत ‘दिवसभर चालते’ या जाहिरातीपेक्षा वॅट-तासांचा आकडा पाहावा. ६० वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी १० वॅटचा खप, म्हणजे साधारण सहा तास. पडद्याचा उजेड वाढवला किंवा व्हिडिओ कॉल लांबला की खप वाढतो आणि हे गणित कोसळतं. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विनापरवानगी नेता येते, म्हणून बहुतेक कंपन्या त्याच्या आतच थांबतात. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इन सामानात नाही.

चार्जिंग यूएसबी-सीवर होत असेल तर फोन आणि लॅपटॉप एकाच ६५ वॅटच्या चार्जरवर भागतात. मला ही सोय प्रोसेसरच्या एका पिढीपेक्षा मोलाची वाटते.

पडदा १४ इंची, उजेड किमान ४०० निट्स. याहून मंद पडद्यावर गाडीच्या खिडकीशी बसून सिनेमा पाहताना आपलाच चेहरा दिसतो. रॅम १६ जीबी घ्यावी. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढत नाही. स्टोरेजचं तेवढं टेन्शन नको, सिनेमे बाहेरच्या एसएसडीवर मावतात.