गिटारची मिश्र धून आणि अभिप्राय: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जळगाव-धुळ्यातल्या घराघरांत आता गिटार दिसते. मोबाइलवर किंवा साध्या ऑडिओ इंटरफेसवर घरच्या घरी ध्वनिमुद्रण होतं. त्यातून कित्येकदा अशी धून तयार होते, की तिला काय म्हणावं हेच सुचत नाही. सुरुवात रागाची, मध्ये ब्लूज, शेवटाला लग्नाच्या बँडचा ठेका. शब्द नाहीत, गायक नाही. मित्रांच्या ग्रुपवर टाकली की ‘एक नंबर, भाऊ!’ येतं. गाणं शिकवणारे सर म्हणतात, राग बिघडला. रॉक वाजवणारा मित्र म्हणतो, जोर कमी पडला. तिघेही मनापासून बोलत असतात, पण धुनीत नेमकं काय सुधारायचं हे वादकाला कळत नाहीच. चांगला अभिप्राय मिळवणं हेही शिकावं लागतं, आणि त्याच्या आड काही पक्के समज येतात.

गैरसमज: शैलींची सरमिसळ म्हणजे बाटलेलं संगीत, त्यावर गंभीर मत काय द्यायचं?

वस्तुस्थिती: ज्याला आपण अस्सल परंपरा म्हणतो, त्यातही सरमिसळ आहेच. बालगंधर्वांचं लहानपणीचं गाण्याचं शिक्षण जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे झालं आणि बालगंधर्वांच्याच नावाचा संगीत महोत्सव आजही जळगावात भरतो. त्यांच्या नाट्यपदांना साथ असे ती ऑर्गनची, म्हणजे पाश्चात्त्य वाद्याची. आज ऑर्गनशिवाय ती पदं डोळ्यांपुढे येत नाहीत. हार्मोनियमवर तर ऑल इंडिया रेडिओने 1940 साली बंदी घातली होती. तिचे सूर ठरीव, भारतीय संगीताला न मानवणारे, असा आक्षेप होता. पुढे बंदी उठली, आणि आज पेटीशिवाय गावचं भजन उभं राहत नाही.

खानदेशातल्या लग्नाचा बँडच घ्या. पावरी हे साक्री-नंदुरबारकडच्या आदिवासींचं, भोपळा आणि बांबूपासून बनणारं वाद्य. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ते वाजतं. तोच पावरीचा सूर बँडवाले कीबोर्डवर काढतात, खाली ड्रमचा ठेका धरतात आणि वरातीत सगळा गाव नाचतो. मिश्र धून ऐकण्याची सवय आपल्या कानांना आधीपासून आहे.

गैरसमज: गिटारवर राग वाजूच शकत नाही, त्यामुळे शास्त्रीय संगीताच्या जाणकाराला विचारण्यात अर्थ नाही.

वस्तुस्थिती: ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाईयन गिटारवर रागसंगीत वाजवलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतचा त्यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा ध्वनिमुद्रणसंच 1967 सालचा. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला जादा तारा बसवून मोहनवीणा घडवली आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासोबतच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’साठी 1994 साली ग्रॅमी मिळवलं.

त्या गिटारींवर सळई सरकते, म्हणून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, सोपी. फ्रेटवर बोट दाबून वाजवायच्या साध्या गिटारची अडचण खरी आहे. तिचे सूर समान अंतरांवर बांधलेले असतात. सुरांमधलं अंतर सेंटमध्ये मोजतात; षड्जापासून शुद्ध गंधार फ्रेटवर 400 सेंटवर येतो. तानपुऱ्याशी जुळणारा गंधार साधारण 386 सेंटवर असतो. हा 14 सेंटचा फरक तयार कानाला खुपतो. तार ताणली की सूर फक्त चढतो, म्हणून चढा गंधार खाली आणता येत नाही. पण कोमल गंधाराच्या फ्रेटवरून तार ओढत, कानाने मोजत, शुद्ध गंधारापर्यंत पोचता येतं. वरून खाली येणारी मींड हवी असेल तर आधी तार ओढून ठेवायची आणि छेडल्यावर सैल सोडायची. सूर नेमका कुठे चढा राहिला हे शास्त्रीय कानाचा माणूसच चटकन सांगेल. त्याला टाळून तोटा आपलाच.

गैरसमज: ‘कशी वाटली?’ एवढं विचारलं की पुरे.

वस्तुस्थिती: मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळतं. मिश्र धुनीत दोन शैली जिथे एकमेकींना भिडतात ती जागा आधी स्वतः शोधावी लागते आणि तिच्याबद्दलच विचारावं लागतं.

समजा, धून जोग रागातून ब्लूजकडे जाते. ही जोडी गिटारवाल्यांना सहज सुचते, कारण दोन्हीकडे दोन गंधार आहेत. षड्ज ‘ई’ धरला तर सर्वांत बारीक तारेवर तिसऱ्या फ्रेटला कोमल गंधार, चौथ्याला शुद्ध, पाचव्याला मध्यम, सातव्याला पंचम, दहाव्याला कोमल निषाद. जोगात चढताना शुद्ध गंधार, आणि उतरताना ‘ग म’ घेऊन कोमल गंधारावरून षड्जावर यायचं. ब्लूजवाला त्याच दोन गंधारांच्या मधला सूर तार ओढून काढतो.

ठेक्याचंही जुळतं. ब्लूजचा बारा मापांचा साचा, दर मापाला चार मात्रा, एकूण 48. म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. पहिली सम ‘ई’ कॉर्डवर, दुसरी ‘ए’वर, तिसरी ‘बी’वर.

आता कॉर्ड उलगडून बघा. ‘ई सेव्हन’मध्ये षड्ज, शुद्ध गंधार, पंचम, कोमल निषाद, चारही सूर जोगाचेच. ‘ए सेव्हन’मध्ये शुद्ध धैवत येतो, जो जोगात वर्ज्य आहे. ‘बी सेव्हन’मध्ये शुद्ध रिषभ आणि शुद्ध निषाद येतात. म्हणजे नवव्या मापाला, तिसऱ्या समेवर, राग पूर्ण सुटतो. सर ‘राग बिघडला’ म्हणतात ते इथलं.

हे एकदा कळलं की प्रश्न नेमके होतात. सरांना विचारावं, ‘नवव्या मापाला षड्ज हलल्यासारखा वाटतो का? तिथे कॉर्ड न धरता नुसता खर्ज ठेवला तर?’ ब्लूजच्या मित्राला विचारावं, ‘तिथे कॉर्ड काढली तर साचा मोडतो का?’ तबलावाल्या दादाला विचारावं, ‘तिसरी सम अंगावर येते की निसटते?’ तिन्ही प्रश्न एकाच जागेबद्दल आहेत, पण तीन वेगळ्या कानांना विचारलेले. उत्तरं जुळली नाहीत तरी प्रत्येकातून हातात काहीतरी पडतं.

गैरसमज: खरे जाणकार मुंबई-पुण्यातच, इथे कोणाला विचारणार?

वस्तुस्थिती: मिश्र धुनीला लागणारे वेगवेगळे कान खानदेशात जवळपासच सापडतात. भजनी मंडळातला पखवाजवाला, लग्नाच्या बँडमधला कीबोर्डवाला, संगीत विशारद झालेल्या ताई, ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा. धुनीत पावरीची ढब आणली असेल तर ती साधली की नाही हे साक्री तालुक्यातला पावरीवादक जितक्या खात्रीने सांगेल, तितकं मोठ्या शहरातला स्टुडिओवाला सांगू शकणार नाही. त्याच्यापर्यंत जाण्याचे कष्ट मात्र घ्यायला हवेत.

गैरसमज: व्हिडिओ पाठवला की वादन जास्त चांगलं कळतं.

वस्तुस्थिती: डोळे कानांवर मात करतात. चिया-जुंग त्साय यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना संगीतस्पर्धेचे विजेते ओळखायला सांगितलं होतं. आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा नुसता मूक व्हिडिओ पाहणाऱ्यांनी ते जास्त अचूक ओळखले. व्यावसायिक संगीतकारांचंही तेच झालं. म्हणून आधी नुसता आवाज पाठवावा. व्हॉट्सअॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल दाबली जात नाही. आणि ‘हेडफोन लावून ऐका’ हे सांगायला विसरू नये. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार सुमारे 82 हर्ट्झवर वाजते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो मूळ खर्ज जवळजवळ येतच नाही. मग ‘धून पोकळ वाटली’ हे मत मोबाइलचं की धुनीचं, हे ठरवता येत नाही.

गैरसमज: पहिल्या ऐकण्यात आवडली नाही म्हणजे धून फसली.

वस्तुस्थिती: ओळखीने आवड वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी 1968 सालीच दाखवून दिलं. अनोळखी जोड पहिल्यांदा कानाला टोचणारच. म्हणून त्याच माणसाला दोन-तीन दिवसांनी पुन्हा ऐकवावी. टोचणी विरली तर ते नवखेपण होतं. तीच जागा पुन्हा टोचली तर तिथे काम बाकी आहे.

गैरसमज: मत घ्यायला पाठवली की धून चोरीला जाते; आधी नोंदणी हवीच.

वस्तुस्थिती: 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचना तयार होताच रचनाकाराचा हक्क निर्माण होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. हा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि निधनानंतर 60 वर्षे राहतो. राग किंवा ब्लूजचा साचा मात्र कोणाच्याही मालकीचा नसतो. ध्वनिमुद्रणाच्या मूळ फाइली तारखेसह जपून ठेवाव्यात आणि निर्धास्तपणे ऐकवावं.

गैरसमज: मिश्र धुनीला कोणतीच मोजपट्टी लागू होत नाही, म्हणून शेवटी आपल्याच मनाचं खरं.

वस्तुस्थिती: सुराला आणि लयीला शैलीची सवलत नाही. तार उतरलेली असेल, ठेका हलत असेल तर कोणत्याही शैलीत तो दोषच. वेगवेगळ्या घडणीची तीन माणसं एकाच जागी अडखळली तर ती जागा बदलायला हवी, त्यांनी सांगितलेली कारणं कितीही वेगळी असोत. एकानेच, फक्त आपल्या शैलीच्या नियमावर बोट ठेवून आक्षेप घेतला, तर तो नियम पाळायचा की मोडायचा हे वादकाने ठरवावं. पण मोडताना तो ठाऊक असावा.

पुढची धून तयार झाली की ती ग्रुपवर टाकण्याआधी तीन माणसं निवडा: एक सुराचा, एक तालाचा, एक निव्वळ ऐकणारा. प्रत्येकाला एकच नेमका प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत आपली बाजू मांडू नका. आणि तुम्हाला कोणी आपली धून ऐकवली, तर ‘एक नंबर’ म्हणून मोकळं होऊ नका. कोणत्या सेकंदाला कान टवकारले आणि कुठे लक्ष उडालं, एवढं सांगा. वादकाला त्याचा खरा उपयोग होतो.