न्याहारीच्या वेळचे शहाणपण

'झेरॉक्स' हा शब्द आता इतका मराठी झाला आहे, की ते एका अमेरिकन कंपनीचे नाव आहे असे सांगितले तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. कॉलेजच्या फाटकासमोर, कोर्टाच्या आवारात, तहसील कचेरीच्या शेजारी ही पाटी हटकून दिसते. चेस्टर कार्लसन या गृहस्थाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात कोरड्या पद्धतीने पहिली नक्कल काढली. तिच्यावर मजकूर काय, तर त्या दिवसाची तारीख आणि त्या जागेचे नाव! पुढे १९५९ साली कंपनीचे गाजलेले यंत्र बाजारात आले आणि कचेऱ्यांतला कार्बन कागद हळूहळू मागे पडला. ही हकीकत रंजक खरी; पण आज मला जी सांगायची आहे ती यंत्राची नव्हे. यंत्र बिघडले म्हणजे हत्यारांची पेटी घेऊन जो माणूस येतो, त्याची आहे.

हा माणूस आपले काम शिकतो कुठे? प्रशिक्षणवर्गात, असे आपण चटकन म्हणू. कंपनीलाही तसेच वाटत होते. तिने त्याच्या हाती एक जाडजूड ग्रंथ दिला होता. यंत्रावर अमुक आकडा दिसला तर तमुक करा. त्याने भागले नाही तर पुढचे पान उघडा. अशा पायऱ्या आखून दिलेल्या. माणसाने डोके चालवावे अशी अपेक्षाच नव्हती. त्याने बोट ठेवून वाचावे आणि सांगितले तेवढे करावे.

या कंपनीचे एक संशोधनकेंद्र कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे १९७० साली निघाले. तिथे ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते. मानववंशशास्त्रज्ञ म्हटला की तो दूरच्या बेटावर जाऊन लग्नविधी टिपणार, अशी आपली कल्पना. ऑरसाहेब मात्र दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांच्या मागे मागे हिंडले. स्वतः ते काम शिकलेले असल्यामुळे त्यांना कोणी फसवू शकत नव्हते. हे तंत्रज्ञ सकाळी एकत्र न्याहारी करीत, दुपारी एकत्र जेवत, आणि तोंडी विषय एकच : यंत्रे. काल कोणते यंत्र कसे अडले, ग्रंथाने कसे भलत्याच वाटेला लावले, शेवटी चोर कुठे सापडला! हिशेबनिसाच्या दृष्टीने हा सगळा वेळ वाया गेलेला. ऑर यांच्या ध्यानात आले ते उलटेच. यंत्रे दुरुस्त होत होती ती या गप्पांच्या जोरावर.

त्यांनी नोंदलेला एक प्रसंग तर फार बोलका आहे. नुकतेच बसवलेले एक यंत्र काही केल्या नीट चालेना. त्यावर उमटणाऱ्या आकड्याप्रमाणे ग्रंथाने सांगितलेला भाग बदलला, तरी बिघाड तसाच. तंत्रज्ञाने आपल्याहून जाणत्या सहकाऱ्याला बोलावले, त्यालाही उमजेना. यंत्र बदलून द्यावे, तर गिऱ्हाइकासमोर नाक कापले जाणार. मग ते दोघे यंत्रापाशी बसून एकमेकांना गोष्टी सांगू लागले. तुला ते अमक्या कचेरीतले यंत्र आठवते का? त्याचे असेच झाले होते, पण तिथे आधी हे दिसले होते. असे बराच वेळ चालले. एका गोष्टीतला धागा दुसरीतल्या धाग्याला जुळत गेला आणि अखेर निदान हाती लागले. ही सारी निरीक्षणे ऑर यांच्या 'टॉकिंग अबाउट मशीन्स' या १९९६ सालच्या पुस्तकात आहेत. 'यंत्रांविषयी बोलणे' हे त्याचे नावच पुरेसे सांगते.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला यात आनंद का व्हावा, हे सांगायला नको. गोष्ट सांगणे ही फुरसतीची चैन आहे, कामाशी तिचा संबंध नाही, असे आम्हाला आयुष्यभर ऐकून घ्यावे लागते!

पुढची हकीकत अधिक शिकवण्यासारखी आहे. हे शहाणपण संगणकावर आणावे असे संशोधकांनी ठरवले. आधी त्यांनी काय केले, तर संगणकानेच बिघाडाचे निदान करावे अशी योजना रचली. तंत्रज्ञांना ती दाखवली. त्यांनी कौतुक केले आणि सांगितले, आमच्या फारशा उपयोगाची नाही. ज्या बिघाडांची माहिती आधीच आहे ते आम्हाला अवघड जात नाहीत. अवघड जातात ते, ज्यांची कल्पना यंत्र बनवणाऱ्यालाही नव्हती. त्यांना हवे होते एकमेकांचे अनुभव. मग १९९० नंतरच्या दशकात 'युरेका' नावाची व्यवस्था उभी राहिली. तिची सुरुवात झाली फ्रान्समध्ये. तिथे त्या काळी टेलिफोनच्या तारेवर चालणारे 'मिनिटेल' नावाचे छोटे पडदे घरोघर होते. तंत्रज्ञाने आपल्याला सापडलेली युक्ती लिहून पाठवायची, इतर जाणत्या तंत्रज्ञांनी ती पारखायची, आणि खरी ठरली तर ती सर्वांना खुली व्हायची.

माँट्रियलच्या एका तंत्रज्ञाने अशीच एक युक्ती लिहून ठेवली : एका महागड्या रंगीत यंत्राचा चिवट बिघाड फ्यूज धरून ठेवणाऱ्या ५० सेंटांच्या भागामुळे होतो. तिकडे ब्राझीलमध्ये एका गिऱ्हाइकाने तसलेच ४०,००० डॉलरांचे यंत्र बदलून मागितले होते. तिथल्या तंत्रज्ञाने माँट्रियलची नोंद वाचली आणि काही मिनिटांत यंत्र चालू केले. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते!

युक्ती लिहिणाऱ्यांना पैशाचे बक्षीस द्यावे असा विचार पुढे आला होता. तंत्रज्ञांनी तो नाकारला. त्यांची मागणी एवढीच, की प्रत्येक युक्तीवर ती सांगणाऱ्याचे नाव असावे. मला हा या साऱ्या हकिकतीचा गाभा वाटतो. नाव आले की अब्रू आली. मग माणूस जपून लिहितो. आणि वाचणाराही पाहतो की हे कोणी सांगितले आहे, नि मग विश्वास टाकतो.

आता आपल्या घराकडे येऊ. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि कितीतरी घरांत जेवणाच्या टेबलाची कचेरी झाली. पुढे कचेऱ्या उघडल्या, तरी आठवड्यातले काही दिवस घरून काम करण्याची रीत पुष्कळ ठिकाणी टिकली. प्रवास वाचला, लोकलची गर्दी टळली, हे मोठेच सुख. पण जे तरुण याच काळात पहिल्या नोकरीला लागले, त्यांच्या न्याहारीच्या टेबलावर कोण होते? आई, वडील आणि पोह्यांची बशी.

आमच्या महाविद्यालयातून मराठी घेऊन उत्तीर्ण झालेली डोंबिवलीची एक मुलगी अशीच एका भाषांतर करणाऱ्या कंपनीत लागली. मोबाइलच्या पडद्यावर जी मराठी वाक्ये दिसतात ती ही मंडळी लिहितात. एकदा तिच्याकडे छोटेसे वाक्य आले : अमुक माणूस गटात सामील झाला. माणसाच्या नावाची जागा मोकळी. त्या जागेत आयत्या वेळी रमेश येणार की रेखा, कोणालाच ठाऊक नाही. इंग्रजीला त्याचे सोयरसुतक नसते. मराठीत क्रियापद अडून बसते. हिने आदरार्थी म्हणून 'सामील झाले' लिहिले. पण 'रेखा सामील झाले' हे कोणत्या कानाला बरे वाटेल? वरिष्ठांनी ते बदलून 'यांचा प्रवेश झाला' असे केले. प्रवेश पुल्लिंगी, तो काही नावानुसार बदलत नाही, क्रियापद सुटले! तोडगा नामी होता. मात्र तो का केला, हे तिला कोणी सांगितले नाही. पडद्यावर जुने वाक्य खोडलेले आणि नवे आलेले दिसले, एवढेच. पहिले तीन महिने तिला वाटत राहिले, की आपल्याला मराठीच येत नाही.

"सर, समोर बसले असते तर विचारले तरी असते," ती मला म्हणाली. "असे निरोप पाठवून विचारायचे म्हणजे आपल्या अज्ञानाची लेखी नोंदच होते की!"

तिचे म्हणणे मला पटले. जीन लेव्ह या विदुषींनी लायबेरियातील शिंप्यांच्या दुकानांत उमेदवार मुले कशी शिकतात याचा अभ्यास केला होता. तिथे मुलगा आधी बटणे लावतो, कडा दुमडून शिवतो; मग शिवण; आणि कापड बेतणे सर्वांत शेवटी, कारण शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर कापड गेले. आपल्याकडेही शिंप्याच्या दुकानातला पोऱ्या काजबटणांपासूनच सुरुवात करतो. हे करताना तो उस्तादाचे हात पाहत असतो, गिऱ्हाइकाशी चाललेली घासाघीस ऐकत असतो. न विचारता शिकण्याची सोय त्या खोलीतच असते. नारायण सुर्वे यांनी १९६६ साली आपल्या कवितासंग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे इमारत आणि पदवीदान नव्हते.

संगणकावरची साधने मग निरुपयोगी का? मुळीच नाहीत. 'स्लॅक' नावाचे साधन आज अनेक कचेऱ्यांत आहे. ते मुळात एका खेळ बनवणाऱ्या मंडळीने आपापसांत बोलण्यासाठी केले होते. खेळ २०१२ साली बुडाला, बोलण्याचे साधन २०१४ साली बाजारात येऊन गाजले! पण अशा साधनांत खाजगीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एकाच्याच पदरात पडते. चारचौघांत विचारलेले सर्वांच्या कानी जाते. अडचण एवढीच, की चारचौघांत पहिला प्रश्न विचारायचा कोणी? माझ्या मते तो वरिष्ठाने विचारावा. साहेबालाही अडते हे एकदा दिसले, की धाकट्यांची भीड चेपते.

त्या मुलीने वाट पाहिली नाही. तिने सर्वांना उघडता येईल असा एक तक्ता केला. मूळ वाक्य, आधीचे मराठी, नंतरचे मराठी, आणि 'का?' असा चौथा रकाना. पाचव्यात सांगणाऱ्याचे नाव. कारण कळले नसेल तिथे ती प्रश्नचिन्ह ठेवी. तीनचार जणांनी हळूहळू ती प्रश्नचिन्हे भरली.

या काळात तिने वाचायला काय घ्यावे, असे मला विचारले होते. व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांना मी नाके मुरडत नाही. डेल कार्नेगी यांचे १९३६ सालचे पुस्तक अजून खपते, ते काही उगाच नव्हे. पण तशा पुस्तकांत निष्कर्ष आधी असतो आणि माणसे त्याला जुंपलेली असतात. मी तिला 'स्मृतिचित्रे' दिले. लक्ष्मीबाई टिळक आपली फजिती जशी घडली तशी, त्याच क्रमाने सांगतात. आपण कुठे भांबावलो ते गाळत नाहीत. बिघाडाची गोष्ट सांगणाऱ्या तंत्रज्ञाला दुसरे काय यावे लागते? तिने ते लोकलमध्ये, कचेरीत जाण्याच्या दिवशी वाचले. आणि तिच्या 'का?' या रकान्यातली वाक्ये लांब व स्वच्छ होऊ लागली, हे मी स्वतः पाहिले आहे.

मग एक विघ्न आले. कंपनीला तो तक्ता आवडला. नव्या लोकांसाठी त्याची पुस्तिका करायचे ठरले, आणि सांघिक काम म्हणून नावांचा रकाना काढून टाकला. तिला फार लागले. मी तिला युरेकाची हकीकत सांगितली. तिने ती पत्रात लिहून वरिष्ठांना पाठवली. पाठवताना हात थरथरत होता, कारण नोकरी अजून कायम व्हायची होती.

आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी तक्त्यात एक नवी नोंद दिसली. तिची वाक्ये मुकाट्याने बदलणाऱ्या त्याच वरिष्ठांची. पडद्यावर प्रश्न होता, 'तिकीट रद्द करायचे का?' आणि खाली दोन बटणे, 'ठीक' आणि 'रद्द करा'. आपल्या आईने घाबरून दुसरे बटण दाबले, तिकीट रद्द झाले असे समजून ती घरीच राहिली, आणि गाडी तिची रिकामी जागा घेऊन सुटली, असे त्यांनी सविस्तर लिहिले होते. म्हणून बटणांवर 'हो, तिकीट रद्द करा' आणि 'नको, राहू द्या' असे लिहावे. पाचवा रकाना परत आला होता आणि त्यात त्यांनी आपले पूर्ण नाव घातले होते.