समुद्रातली रोपवाटिका राखली पाहिजे



डोणगावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आपला संबंध पैनगंगेशी, विहिरीशी आणि मृगाच्या पावसाशी. तेव्हा समुद्रातल्या तेलविहिरी आणि माशांची अभयारण्ये यांच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे कुणी विचारले तर ते साहजिकच आहे. परंतु संबंध आहे आणि तो आपल्या घरातल्या खताच्या पोत्यापासून सुरू होतो.

पोत्यातला समुद्र

१९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या जहाजाला तेल लागले. हेच मुंबई हाय. १९७६ पासून तेथून तेल निघू लागले. तेलाबरोबर वायूही आला आणि त्या वायूच्या आधारावर अलिबागजवळ थळ येथे युरियाचा मोठा कारखाना उभा राहिला. वायूतून हायड्रोजन काढायचा, हवेतला नत्र घ्यायचा, दोहोंचा अमोनिया करायचा आणि अमोनियापासून युरिया, अशी ही रीत आहे. आपण कपाशीला आणि मक्याला जो युरिया देतो, त्यामागे समुद्राखालचा वायूही आहे.

म्हणून समुद्रातले तेल नकोच, असे म्हणणे आपल्या तोंडी शोभणार नाही. आपला देश कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो, हेही विसरून चालणार नाही. प्रश्न इतकाच आहे की, खोदायचे कुठे आणि कुठे नाही?

राखलेले पाणी

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याहून दूर, कोकण किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत, पाण्याखाली एक मोठे पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा विस्तार सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर आहे. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी बोटीने जाऊन तेथील प्रवाळाची पाहणी केली. या पठाराला कायद्याचे संरक्षण द्यावे, असा प्रस्तावही पुढे आला. गुजरातेत कच्छच्या आखातात आणि तमिळनाडूत मन्नारच्या आखातात तर सागरी राष्ट्रीय उद्यानेच आहेत.

प्रवाळ म्हणजे बारीक जीवांनी वर्षानुवर्षे बांधलेली चुनखडीची घरे. त्यांच्या कपारीत मासे अंडी घालतात आणि पिले लपून वाढतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ही समुद्रातली रोपवाटिका आहे. रोपे येथे वाढतात आणि पीक दुसरीकडे निघते. रोपवाटिकेत गुरे घुसली तर त्या वाफ्याचेच नव्हे, साऱ्या रानाचे नुकसान होते. कोळी बांधव १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, ते याच विचाराने. त्या दिवसांत माशांची वीण होते.

शोध म्हणजे काय?

“अजून नुसता शोधच चालला आहे, विहीर कुठे खोदली?” असे सांगण्यात येते. पण शोध कसा घेतात ते पाहा. जहाजामागे हवेच्या बंदुका ओढत नेतात. दाबलेली हवा दर काही सेकंदांनी सुटते आणि प्रचंड आवाज होतो. तो समुद्रतळाखालच्या थरांवर आपटून परत येतो आणि त्यावरून तेलाचा अंदाज बांधतात. हे काम रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे चालते.

नॉर्वेजवळ १९९२ साली याची परीक्षा घेतली, तेव्हा त्या भागातील कॉड माशांची पकड जवळजवळ निम्म्यावर आली. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २०१७ साली असे दाखवून दिले की, हवेच्या बंदुकीपासून एक किलोमीटरहून दूरचे तरंगते सूक्ष्म जीवही मरतात. हे सूक्ष्म जीव म्हणजे माशांच्या पिलांचा चारा. पुढे विहीर खोदली की, खोदकामाचा चिखल आणि खडकाचा चुरा तळावर बसतो. प्रवाळाला तो गुदमरवतो.

हद्द पाण्याला कळत नाही

अभयारण्याच्या हद्दीत खोदणार नाही, बाहेर खोदू, असे उत्तर मिळते. आपल्या शेजारच्या लोणारकडे पाहा. सरोवर २००० साली अभयारण्य झाले, २०२० साली त्याला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. तरीही गावाचे सांडपाणी आत उतरू नये, यासाठी लोकांना नागपूर खंडपीठाकडे दाद मागावी लागली. कागदावरची हद्द पाण्याला अडवत नाही. लोणारला निदान चहूकडे डोंगराची कड आहे. समुद्रात तर तीही नाही.

मे १९९३ मध्ये मुंबई हायकडून येणारी तेलवाहिनी फुटली आणि हजारो टन तेल समुद्रात गेले. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायवरच्या आगीत २२ माणसे गेली. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात फुटलेली विहीर बंद करायला ८७ दिवस लागले. अपघात रोज होत नाहीत, हे खरे. पण रोपवाटिकेशेजारी एकदाच झाला तरी तो पुरे.

विचारणार कोणाला?

जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण मंजुरीच्या नियमात बदल केला. तेल व वायूच्या शोधकामाला जनसुनावणीच्या बंधनातून वगळण्यात आले. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला, तेव्हा मोजणीदार बांधावर आला की मालकाला कळत तरी होते. समुद्राला सातबारा नाही, म्हणून कोळ्याला विचारायचेच नाही, हा न्याय नव्हे. मालवणच्या कोळ्यांना तर अभयारण्यामुळे आपली जाळी बंद होतील याची धास्ती होती. गरिबाच्या जाळ्याला मनाई आणि मोठ्या यंत्राला वाट, असे झाले तर अभयारण्यावरचा लोकांचा विश्वास उडेल.

मन्नारच्या आखातालगतचे क्षेत्र तेलशोधासाठी काढले गेले, तेव्हा तेथील मच्छीमार उठले. २०२५ साली तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून विरोध कळवला. बाहेरच्या देशांत तर निर्णयही झाले आहेत. ऑस्ट्रेलियाने १९७५ च्या कायद्याने आपल्या मोठ्या प्रवाळरांगेच्या सागरी उद्यानात तेलाची विहीर खोदण्यास मनाई केली. बेलीझ हा देश आपल्या एखाद्या जिल्ह्याहून कमी वस्तीचा. त्याने २०१७ साली आपल्या साऱ्या समुद्रात तेलशोध थांबवला आणि पुढच्या वर्षी त्याची प्रवाळरांग धोक्यातील जागतिक वारशांच्या यादीतून बाहेर आली.

आपण काय करावे?

मागणी साधी आहे. राखलेल्या सागरी क्षेत्रात तर नाहीच, पण त्याभोवती रुंद पट्टा सोडूनच तेलाचा शोध घ्यावा. माशांच्या विणीच्या महिन्यांत आवाजाची पाहणी करू नये. शोधकामापूर्वी मच्छीमारांची जनसुनावणी पुन्हा सक्तीची करावी. आंग्रिया बँकेला आधी संरक्षण द्यावे, मगच त्या बाजूच्या तेलाचा विचार करावा. ग्रामसभेत असा ठराव करता येतो, खासदारांना पत्रही लिहिता येते. किनाऱ्यावरचा माणूस एकटा बोलला तर ‘त्याचा स्वार्थ’ म्हणतात. डोणगावचा शेतकरी बोलला तर तसे म्हणता येणार नाही.

दुसरे काम आपल्याच हातचे आहे. माती परीक्षण करून युरिया द्यावा. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या बियाण्याला रायझोबियम चोळावे. या पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र फुकट आणून देतात. शेणखत उकिरड्यावर वाळू देऊ नये. एका घराची पोत्याची बचत लहान वाटेल, पण वायूची गरज अशीच पोत्यापोत्याने वाढली आहे आणि पोत्यापोत्यानेच ती कमी होईल.

बियाणे राखून मगच धान्य विकायचे, हे घरातल्या बायकांनी आपल्याला शिकवले. कणगीतले बियाणे दळून खाणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. समुद्राच्या बाबतीतही हाच नियम लावावा, एवढेच सांगणे आहे.