बरोबरीच्यांनी निवडलेले

प्रशियाचा राजा चौथा फ्रिडरिख विल्हेल्म याने ३१ मे १८४२ रोजी विद्वान आणि कलावंतांसाठी ‘पूर ल मेरीत’ ही मानाची संस्था स्थापन केली. याच नावाचा लष्करी किताब १७४० पासून चालत आला होता. पराक्रमी सेनानींचा मान गणितज्ञ, शिल्पकार आणि संगीतकारांनाही मिळावा, ही कल्पना अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टची. संस्थेचा पहिला चान्सलरही तोच झाला.

जर्मन सदस्य फक्त ३०. आरंभीच्या सदस्यांत गणितज्ञ गाऊस, भाषापंडित याकोब ग्रिम, संगीतकार मेंडेल्सझोन आणि संस्कृतचा मोठा अभ्यासक फ्रांझ बॉप, परदेशस्थांत फॅरेडे. पुढे डार्विन आला, आणि ऋग्वेदाच्या संपादनामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेला मॅक्सम्युलरही.

जागा रिकामी झाली की उरलेले सदस्य नवे नाव ठरवत, राजा त्यावर मोहोर उठवी. या संस्थेचा खरा कणा मला इथे दिसतो. थोरवी कुणाची, हे दरबाऱ्यांनी नव्हे, त्याच तोलाच्या माणसांनी सांगायचे. १९१८ मध्ये राजेशाही कोसळली, तरी मंडळ टिकले ते त्यामुळेच. १९२९ मध्ये सदस्यांनी चित्रकार केट कोल्विट्झ यांना निवडले. या मंडळातल्या त्या पहिल्या स्त्री.

तरीही मानावर राज्याची सावली असतेच, आणि ती काही जणांनी स्पष्ट ओळखली. कवी लुडविग उलांट यांनी १८५३ मध्ये नकार दिला. १८४८ च्या लोकशाही लढ्यातले सोबती तुरुंगात किंवा परागंदा असताना आपण राजाचा सन्मान घ्यायचा, हे त्यांना पटेना. खुद्द हुम्बोल्टने मनधरणी केली, पण उलांट बधले नाहीत. सदस्य असलेले आइन्स्टाइन १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आल्यावर, संस्थेतून बाहेर पडले. नाझी काळात नवी निवड थांबली, आणि १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांनी संस्था पुन्हा उभी केली. आइन्स्टाइनना परत येण्याविषयी विचारले गेले. ज्यूंच्या संहारानंतर ते शक्य नाही, असे त्यांनी कळवले.

१९३८ मध्ये जर्मनीतून निसटावे लागलेल्या भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर यांनी मात्र १९५७ मध्ये सदस्यत्व स्वीकारले. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्या दोघांनी दोन वेगळी उत्तरे दिली, आणि दोन्ही देण्याचा अधिकार त्यांचाच होता. आज संस्थेत जास्तीत जास्त ४० जर्मन आणि ४० परदेशी सदस्य असतात. राष्ट्राध्यक्ष आश्रयदाता आहेत, पण नावे अजूनही सदस्यच निवडतात.