भाषा येत नाही, तरी टोकियोत एकट्यानं

जपानी वाचता येत नाही आणि सोबतही कुणी नाही, या कल्पनेनंच पोटात गोळा येतो. खरं तर ही भीती भाषेपेक्षा अनिश्चिततेची असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्वयंसेवकांच्या हाताला विजेचे झटके दिले जात. झटका नक्की बसणार हे माहीत असताना जितका ताण यायचा, त्याहून जास्त ताण तो बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना आला. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांनी तशी साक्ष दिली.

म्हणजे भाषा शिकण्याआधी प्रश्नचिन्हं कमी करावीत. टोकियोनं त्याची बरीच सोय आधीच केली आहे. १९६४ च्या ऑलिम्पिकसाठी तिथल्या चित्रकारांनी शब्दांऐवजी चित्रखुणांची मालिका घडवली. २००४ पासून भुयारी रेल्वेच्या स्थानकांना अक्षर आणि आकडा मिळाला. गिंझा मार्गावरचं गिंझा म्हणजे ‘जी ०९’. नाव उच्चारता आलं नाही तरी आकडे मोजत उतरता येतं. अनेक उपाहारगृहांच्या काचेत तर पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात. बोट दाखवा, जेवा. (लाज वाटेल, पण पोट भरेल.)

पत्ता शोधणं मात्र खरंच अवघड. बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. हॉटेलचं जपानीत छापलेलं कार्ड खिशात ठेवा आणि चौकातल्या ‘कोबान’ या छोट्या पोलीस चौकीत दाखवा. दोन आकडेही पाठ करा: पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११९.