पाच मिनिटांचं इंजेक्शन

सकाळी साडेसात. पुण्यातल्या आमच्या डे-केअर वॉर्डात मी हँडओव्हर घेते तेव्हा बाहेर बाकांवर माणसं आलेली असतात. आजच्या यादीत एरिब्युलिनच्या दोघी आहेत. स्तनाचा कर्करोग पसरलेला, आधीच्या केमो घेऊन झालेल्या. एकवीस दिवसांच्या चक्रात पहिल्या आणि आठव्या दिवशी हे औषध शिरेतून देतात. दोघींचा आज आठवा दिवस. औषध जायला दोन ते पाच मिनिटं लागतात. बाकीचा वेळ जातो तो आज द्यायचं का आणि किती, हे ठरवण्यात.

आठ. रक्त घेतलं: सीबीसी, लिव्हर, किडनी, पोटॅशियम, मॅग्नेशियम. सांगोल्याच्या काकू वजनाला कंटाळतात. "मागचंच लिहा की." नाही लिहीत. चप्पल काढायला लावते. ५४ किलो, उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे शरीराचं पृष्ठफळ दीड चौरस मीटर.

नऊ. ईसीजी. एरिब्युलिनने ईसीजीतला क्यूटी हा कालावधी लांबू शकतो, आणि अभ्यासात तो पहिल्या नव्हे, आठव्या दिवशी लांबलेला दिसला होता. उलटीवर सर्रास देतात त्या ऑन्डान्सेट्रॉननेही तेच होतं, म्हणून घरून कुठल्या गोळ्या घेतल्यात, ते पिशवी उघडूनच बघते. मग बोटं. "मुंग्या येतात का?" असं विचारलं की सगळ्या नाही म्हणतात, इंजेक्शन थांबेल ही भीती. त्यापेक्षा ब्लाउजचे हुक लावून दाखवा म्हणावं. काकूंनी तीन लावले, चौथा दोनदा सुटला. फाइलमध्ये लिहिलं. या औषधाच्या मोठ्या चाचणीत ते बंद करावं लागण्याचं सगळ्यात मोठं कारण नसांचा हाच त्रास होतं.

साडेदहा. रिपोर्ट. काकूंचे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १,४००, चालेल. दुसऱ्या ताईंचे ७४०. आठव्या दिवशी हजाराच्या खाली असले तर द्यायचं नाही. प्लेटलेट ७५ हजारांच्या खाली असल्या तरी नाही. त्यांचे मिस्टर हात जोडतात, "सिस्टर, सुट्टी काढून आलोय, आज देऊन टाका ना." डॉक्टर समजावतात: पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त बघू. पंधराव्या दिवसापर्यंत पेशी वर आल्या तर कमी डोस, नाहीतर हा डोस सोडायचा. मला विचाराल तर आजच्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, न दिलेलं इंजेक्शन.

बारा. चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम, म्हणजे काकूंना २.१. व्हायल एक मिलिग्रॅमची. वरच्या ०.१ साठी तिसरी फोडायची? डॉक्टरांनी २ लिहिले. पाच टक्क्यांच्या आतला फरक चालतो, महागडी व्हायल वाचते. युरोपातल्या कागदांवर हाच डोस १.२३ असा असतो, कारण तिथे क्षार सोडून नुसतं औषध मोजतात. दोन्ही आकडे एकाच फाइलमध्ये आले की माझ्या पोटात गोळा येतो. फार्मसिस्ट कॅबिनेटमध्ये, दुहेरी ग्लोव्ह्ज घालून भरतो. पातळ करायचंच तर सलाइनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये कधीच नाही.

साडेबारा. नाव, नंबर, डोस आम्ही दोघी सिस्टरनी मोठ्याने वाचला. काकू हळूच विचारतात, "नातू म्हणतो हे समुद्रातल्या प्राण्याचं आहे. श्रावण चालू आहे, चालेल ना?" चालेल. मूळ रेणू जपानच्या किनाऱ्यावरच्या हालिकोंड्रिया ओकादाई नावाच्या स्पंजात सापडला, १९८६ साली. ६०० किलो स्पंजातून मिळाला जेमतेम १२.५ मिलिग्रॅम. एवढ्यावर दवाखाना कसा चालणार? १९९२ मध्ये हार्वर्डच्या योशितो किशी यांनी तो प्रयोगशाळेत घडवला, आणि त्याच्याच सुटसुटीत केलेल्या रूपाचं हे औषध झालं. कारखान्यातच बनतं, यात स्पंज नाही. तोवर सिरिंज रिकामी झालेली. मग सलाइनने शीर धुतली.

दोन. घरच्यांशी बोलणं. केस जातील, थकवा येईल, पोट साफ होणार नाही. हे सांगून भागतं. तापाचं मात्र वदवून घेते. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या चाचणीत १२ टक्के बायकांचे न्यूट्रोफिल ५०० च्या खाली जाऊन आठवड्याहून जास्त तिथेच राहिले होते. अशा वेळी साधा जंतूही जिवावर बेततो.

साडेचार. मागच्या आठवड्यातल्यांना फोन. एकीला कालपासून ताप, "क्रोसिन घेतली, उतरला." ताबडतोब कॅज्युअल्टीला बोलावलं.

तुमच्या घरात कुणाची केमो चालू असेल तर थर्मामीटर घेऊन ठेवा. पारा १००.४ वर गेला तर आधी गोळी देऊन वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा.