कळा आणि एपिड्यूरल

बाळंतकळा कमी करण्याच्या उपायांत एपिड्यूरल सर्वांत परिणामकारक आहे. भूलतज्ज्ञ कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवतात आणि तिच्यातून औषध सोडत राहतात. साधारण २० मिनिटांत कळांची धार जाते. पोट घट्ट होतंय हे कळतं, बाळ खाली सरकतानाचा दाबही जाणवतो; बाई पूर्ण शुद्धीवर असते. मात्र सुमारे ८ जणींपैकी एकीला पुरेसा आराम पडत नाही, कधी एकाच बाजूला दुखत राहतं. तेव्हा गप्प बसू नये, लगेच सांगावं. नळी थोडी मागे घेऊन किंवा औषध वाढवून बहुतेकदा भागतं.

रक्तदाब उतरणं, खाज, लघवी अडणं असे त्रास होऊ शकतात. सुमारे १०० जणींत एकीचं डोकं तीव्र दुखतं. जोर देण्याचा टप्पा लांबू शकतो. पण सिझेरियनचं प्रमाण वाढत नाही, आणि पाठ कायमची धरते ही आपल्याकडची भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. ती भीती घालून बाईला कळा सोसायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. रक्त गोठण्यात दोष असेल तर मात्र ही सुई सहसा देत नाहीत. म्हणून चौकशी आठव्या महिन्यातच करावी. रात्री भूलतज्ज्ञ मिळतात का, हेही विचारावं.